साखळीपलीकडचा डबा

तांबरम, ४ फेब्रुवारी

चि. हरिप्रसाद यास वादिराजमामाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

हे पत्र कुरियरनं पाठवणार होतो. दुकानातल्या मुलीला कोसोवो म्हटलं, तर ती म्हणाली असा देश यादीतच नाही. म्हणून ई-मेल.

आता बातमी. आपल्या कॉलनीचा बी ब्लॉक स्वतंत्र झाला! पाण्याच्या मोटारीवरून भांडणाचा गलाटा झाला, त्यांनी वेगळी असोसिएशन काढली आणि लिफ्टवर हिरवा झेंडाही लावला. तुझी आई बी ब्लॉकात, म्हणजे माझी अक्का आता परदेशी. मेन गेट आमच्याकडे, म्हणून मधल्या रस्त्यावर मी साखळी लावली. एक वॉचमन आमचा, एक त्यांचा. दिवसभर एकमेकांकडे डोळे वटारून बघतात आणि दुपारी एकाच डब्यातला सांबारभात खातात.

अक्काचा शुक्रवारचा उडदाच्या डांगराचा डबा अजून येतो. मीही रिकामा परत करत नाही, चिमूटभर साखर तरी घालतोच. तू नव्या देशात राहतोस, तिथला बंदोबस्त कसा असतो ते कळव. ए ब्लॉकचा सेक्रेटरी या नात्यानं विचारतो आहे.

लोभ आहेच, तो साखळीला अडत नाही.
वादिराज

प्रिश्टिना, ११ फेब्रुवारी

ती. मामांस हरिप्रसादचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून इतका हसलो की ऑफिसातले लोक बघायला लागले.

इथं मित्रोवित्सात एक पूल आहे. एका काठाला अल्बेनियन, दुसऱ्याला सर्ब. हा देश कोणी मानतो, कोणी मानत नाही. त्यामुळे पोलीस इथले, परदेशी शांतिसेना निराळी आणि युरोपचे पोलीस आणखी निराळे. मागे मोटारींच्या नंबरप्लेटवरून रस्ते अडवले होते. शेवटी तोडगा निघाला तो स्टिकरचा. एकमेकांची चिन्हं झाका आणि पुढे चला!

माझी घरमालकीण मात्र यावर हसत नाही. तिचं लग्न या बाजूला झालं, भाऊ राहिला पुलापलीकडे. मोटारीनं तासाभराचा रस्ता, पण नऊ वर्षांत भेट नाही.

मामा, हे नक्कल करायला लिहिलेलं नाही. अम्मा एकटी आहे, बीपीची गोळी विसरते. तेवढं बघा.

आपला लाडका, जरा धास्तावलेला भाचा,
हरिप्रसाद

तांबरम, २ मार्च

चि. हरिप्रसाद यास आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र फार उपयोगी पडलं. बी ब्लॉकच्या स्कूटरना स्टिकर सक्तीचे केले. पल्लावरमच्या एका एजन्सीकडून तिसरा, तटस्थ वॉचमन आणला आणि साखळीची किल्ली त्याच्याकडे दिली. माणूस कडक. पहिल्याच शुक्रवारी अक्काचा डबा तपासणीसाठी थांबवला आणि तपासता तपासता संपवला.

दोन्ही सेक्रेटरींच्या सहीशिवाय कोणतंही वाहन पलीकडे जाणार नाही, असा नियम मी स्वतः लिहून लावला. त्यांचा सेक्रेटरी दर्शन दिवसभर सिरुसेरीच्या आयटी पार्कात कंप्युटरपुढे, त्यामुळे सध्या पूर्ण शांतता आहे. अक्का मला वेडा म्हणते. तिची प्रकृती ठणठणीत, काळजी नसावी.

तुझाच,
वादिराज

तांबरम, ३० मार्च

चि. हरी यास अम्माचे उदंड आशीर्वाद.

फोनवर तू रडतोस, म्हणून लिहिते. मी बरी आहे.

त्या दिवशी दुपारी छातीत कळ आली. ॲम्ब्युलन्स आली, पण साखळीपाशी अडली. तुझा मामा चप्पल न घालता धावत आला, शिक्का घेऊन. त्या तटस्थ माणसानं त्याचाच नियम त्याला वाचून दाखवला. म्हणाला, सही एकच आहे, दुसरी आणा. दर्शन फोन उचलेना. शेवटी दोन्हीकडच्या वॉचमननी मला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून साखळीवरून उचलून नेलं. मामा साखळी पायाखाली दाबून उभा होता. सारखा म्हणत होता, "अक्का, माझं चुकलं."

त्याच संध्याकाळी त्यानं साखळी काढली असं वॉचमन सांगतो. हॉस्पिटलात रोज आला, पण बाहेरच्या बाकावर बसून परत गेला. मी घरी आले तरी वर आला नाही. लाज वाटते त्याला. मला राग आहेच, पण म्हातारपणी किती दिवस पुरवायचा?

परवा शुक्रवारी डांगर केलं आणि वॉचमनकडून पाठवलं. डबा परत आला, रिकामा नव्हता. आत साखर नाही, त्या साखळीचं कुलूप होतं.

कुलूप मी ठेवून घेतलं. आता डबा पाठवणार नाही. मामाला लिही, डांगर हवं असेल तर जिना चढून ये आणि माझ्यासमोर बसून खा.

तुझीच, औषध वेळेवर घेणारी,
अम्मा