गाड्या हलवू नकोस

कारखाना वसाहत, जि. कोल्हापूर
९ नोव्हेंबर २००४

ती. प्रभावतीताईस,
सप्रेम जयभीम, वि. वि.

तुझं पत्र मिळालं. तुझ्या शाळेच्या मुलींनी खो-खोत जिल्हा जिंकला हे वाचून आनंद झाला आणि लगेच शंकाही आली. जिंकला म्हणजे हरवलं कुणाला? मी यवतमाळला शिकत होतो तेव्हा निम्मे संघ यायचेच नाहीत. आलेल्यांपैकी एखादा जेवणाच्या सुट्टीत घरी जायचा तो परतायचा नाही.

इकडे येऊन बघ. गेल्या मोसमात आमच्या हायस्कूलच्या कबड्डीला लोक कुंपणावर, झाडावर, उसाने भरलेल्या गाड्यांवर उभे होते. आमच्या पोरांच्या पकडींवर हॉटेलात वाद होतात. इथे खेळाचा शिक्षक म्हणून दहा वर्षं काढल्यावर माझं मत पक्कं झालंय, की इकडच्या रक्तातच खेळ आहे. शिवाय दूध, तांबडी माती, जुन्या तालमी. आपल्या माणसाला सावली आणि तोंडात टाकायला तंबाखू-सुपारीचा खर्रा मिळाला की झालं.

विभागीय सामन्यांना अमरावतीला जाणार असलीस तर जाताना रुमाल जास्तीचे ने, पोरी रडतील. भाऊजींना जयभीम, दीपाला आशीर्वाद. रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.

तुझा,
धम्मरत्न


दारव्हा
२१ नोव्हेंबर २००४

चि. धम्मरत्नास,
अ. उ. आ.

रक्त, दूध आणि माती! आपण दोघं एकाच आईची. तुझ्यात कोल्हापूरचं रक्त कुठून आलं, तेवढं कळव. आणि गर्दी सांगतोस ती गेल्या मोसमातली. यंदाची कुठे गेली?

आमचं मैदान पाहिलंस तर तुझं सगळं ज्ञान गळून पडेल. शाळेसमोर कापूस खरेदी केंद्र. यंदा कापूस उदंड आणि खरेदी रडतखडत, म्हणून रस्त्यावर न मावलेली रांग मैदानात शिरली आहे. खो-खोच्या खांबांना बैल बांधलेत. पोरी मुतारीजवळच्या पट्टीत सराव करतात आणि ही रिकामटेकडी माणसं दिवसभर बघत बसतात, वर सल्ले देतात. महागावकडचा शंकरसिंग नावाचा एक गाडीवाला आहे. त्याने जन्मात खो-खो पाहिला नव्हता, आता मलाच नियम शिकवतो. मी तहसील कचेरीत अर्ज दिलाय, मैदान मोकळं करून द्या म्हणून.

खरा घोर नयनचा होता. किसनरावांची ही मुलगी आमची सगळ्यात चपळ खेळाडू. तिच्याशिवाय मी संघ अमरावतीला नेणार नाही, नेऊन उपयोगही नाही. पण किसनराव म्हणाले, वेचणीच्या दिवसात पोरगी धाडाले मले काय येड लागलं का. मी त्यांना पाऊण तास खेळाचं महत्त्व समजावलं. ते जांभया देत होते, तरी माझे शब्द मुरले असावेत. कारण मग तेही कापसाची गाडी घेऊन रांगेत लागले आणि आठवडाभरात आपणहून येऊन धाडतो म्हणाले. मध्ये म्हणे शंकरसिंगने त्यांनाच विचारलं होतं, थे पोरगी कोनाची हाय, हरिणावानी पळून राह्यली. किसनरावांनी टोपी सारखी केली आणि आपलीच हाय म्हणून सांगितलं. असो, ती गंमत वेगळी. समजावून सांगितलं की माणसं ऐकतात, हे तुझ्या हॉटेलातल्या पंडितांना कळव.

तुझ्यावर चिडलेली तरी तुझीच,
ताई


कारखाना वसाहत
३० नोव्हेंबर २००४

ती. ताईस,
सप्रेम जयभीम.

पाऊण तास! किसनरावांच्या सोशिकपणाला माझा सलाम सांग. ताई, तू शिकलेली बाई आहेस, तरी एवढं कळू नये? त्यांना तू नाही पटवलंस, शंकरसिंगने पटवलं.

यंदाच्या गर्दीचं विचारलंस. ऐक, आणि हसू नकोस. कारखान्याने उसाच्या गाड्यांना पाळीचे नंबर दिलेत. पाळी आली की यायचं, वजन करून निघायचं. पूर्वी गाडीवाले मैदानाशेजारी दोन-दोन दिवस खोळंबून असत. परवा सामन्याला मुख्याध्यापक, शिपाई आणि समोरच्या संघाच्या जीपचा ड्रायव्हर एवढेच होते. रक्त, दूध, माती सगळं जागच्या जागी आहे, फक्त गाड्या नाहीत. पोरं खेळता खेळता कुंपणाकडे बघतात, तेव्हा मला फार वाईट वाटतं.

अर्ज मागे घे. गाड्या हलवू नकोस.

कान धर, पण दूर लोटू नकोस.

तुझा,
धम्मरत्न


दारव्हा
१९ डिसेंबर २००४

चि. धम्मरत्नास,
अ. उ. आ.

तुझं पत्र आलं त्याच्या आदल्या दिवशीच मैदान मोकळं झालं. माझा कुठलाही अर्ज आजवर इतक्या लवकर कुणी मनावर घेतला नव्हता. मी चुन्याच्या रेघा मारून घेतल्या, नारळ फोडायचा तेवढा ठेवला. पोरी पळाल्या. बघायला चिटपाखरू नाही. दोन-तीन दिवसांत किसनराव आले आणि म्हणाले, बाई, आता तं कोनीच पाहून राह्यलं नाही, मंग पोरीले कायले धाडू, कापूस वावरात उभा हाय. मी तोंड उघडलं आणि पाऊण तास आठवून मिटलं. त्या क्षणी तुझा भयंकर राग आला, कारण तू बरोबर होतास.

मग दोन्ही खांब उपटले आणि जिथे रांग हलवली होती तिथल्या पडीत वावरात नेऊन रोवले. शंकरसिंग लांबूनच ओरडला, इतके दिवस कुठं होत्या बाई. किसनरावांनी पुन्हा हो म्हटलं.

अमरावतीला हरलो. उपांत्य सामन्यात, एका गुणाने. खूश हो. एवढ्या मोठ्या मैदानाच्या पायऱ्यांवर बघणारा एकच माणूस होता, किसनराव. पहाटेच्या एसटीने आले होते. ओरडून ओरडून त्यांचा घसा बसला.

परत आल्यावर कळलं, नेमका त्याच दिवशी केंद्रावर त्यांचा नंबर आला होता. माणूस हजर नसला की नंबर जातो, पुन्हा रांगेच्या शेपटाला. शंकरसिंगने कापसाची प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरला सांगितलं, किसनराव आत्ताच पानी प्याले गेला. दर खेपेला तेच. शेवटी ग्रेडर चिडला आणि मागच्या गाडीला बोलावू लागला, तर मागची गाडी हलेना. तिच्या मागचीही हलेना. कुणाचे बैल अडून बसले, कुणाची जुपणी तुटली, कुणाला ऐकूच येईना. दुपारनंतर तिथे बोंडभर कापूस तोलला गेला नाही, पण किसनरावांचा नंबर राहिला. रात्रंदिवस उघड्यावर काढून घरी जायला टेकलेली माणसं, रे. तुझ्या त्या सावली आणि खर्रावाल्यांपैकीच. हॉटेलात हेही सांग.

पोरांना म्हणावं, आत्याने आठवण काढली आहे. माया आहे तेवढीच आहे, फाजील चढू नकोस.

तुझी,
ताई

ता. क. परवा किसनरावांचा कापूस तोलला गेला, गाडी रिकामी झाली आणि ते घरी गेले. आता संपलं, असं मी धरून चालले. आज सरावाला गेले तर पडीत वावराच्या धुऱ्यावर, बांधाला, किसनराव उभे. गाडी नव्हती, बैल नव्हते, कापूसही नव्हता.