दादाचंच फर्मवेअर

दादा,

तू आंघोळीला गेलास तेवढ्यात ही चिठ्ठी फ्रिजवर लावून मी सटाण्याची एसटी पकडायला पळतेय. सांगून निघाले असते, तर माझा बेत फसला असता.

आधी एक कबुली. ही फक्त लेखी आहे, तोंडी मिळणार नाही. आपल्या पीएसपीतलं, त्या हातातल्या व्हिडिओगेममधलं, कंपनीचं सॉफ्टवेअर काढून कुठलं फर्मवेअर टाकायचं यावर आपण चार दिवस भांडलो, त्यात तू जिंकलास. माझं नवंकोरं फर्मवेअर दिसायला झकास, पण आपला लहानपणीचा टँकचा गेम त्यावर रडतखडत चालतो. आवाज तर सर्दी झाल्यासारखा! म्हणून काल लोडशेडिंग संपताच देवाचं नाव घेऊन तुझं जुनंच टाकलं. टँक सुसाट पळतायत, आणि लहानपणीसारखी कॅसेटमध्ये फुंकर मारायचीही गरज नाही!

माझ्या लग्नानंतर तू एकदाही सटाण्याला आला नाहीस. का, ते मी विचारणार नाही. पण सासूबाई दर सणाला दाराकडे बघत विचारतात, "तुना भाऊ कोठे शे?" मी दर वेळी नवी थाप मारते. आता थापा संपल्या.

पीएसपी घरात शोधू नकोस, तो माझ्या पर्समध्ये आहे. टँकमधला तुझा हायस्कोर मोडणार म्हणून किशोर कालपासून फोनवर उड्या मारतायत. तुझे भाऊजी असले तरी मी त्यांना थांबवणार नाही.

बॅटरी रात्रीपर्यंत टिकेल. चार्जर टीव्हीमागे मुद्दाम ठेवलाय.

घेऊन ये.

स्वानंदी