काचेपलीकडचं बोलणं

दि. ११, सोमवार

चि. ठकूस,

तुझ्या आईचा आशीर्वाद, आणि पाठीत एक हलकासा धपाटाही. धपाट्याचं कारण पुढे येईल. जावईबापूंना नुसताच आशीर्वाद.

मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण हवा बदलली की त्याचं ते नेहमीचंच. शेजारची शिंपीण रोज डोकावते, चहा पिते आणि जाताना माझीच कात्री घेऊन जाते. वर मलाच विचारते, "तुमच्याकडे कात्री नाही का?" काय बोलायचं या बाईला!

बरं, मुद्द्यावर येते. घरातला जुना फोन काढून टाकू या का, आणि यापुढे सगळं इंटरनेटवरूनच बोलू या का, असं तू विचारलं होतंस. "आई, दोन्ही बाजूंनी नीट विचार कर आणि मग सांग," म्हणालीस. केला विचार. पण तोंडी सांगायला घेतलं की तू मला निम्म्यात तोडतेस, म्हणून लिहायला बसले.

आधी जुन्याची बाजू घेते. बिचारा इतकी वर्षं कोपऱ्यात बसून आहे, त्याचं म्हणणं कोणी तरी मांडायला हवं. वीज गेली तरी तो चालतो. नव्याचं तसं नाही. वीज गेली की तो दिव्यांचा डबा डोळे मिटतो आणि तू गायब. मध्यंतरी तू काही तरी सांगत होतीस आणि तोंड अर्धं उघडं असतानाच चित्र अडकलं. शिंपीण हसून हसून खाली बसली. शिवाय जुन्या फोनला पासवर्ड लागत नाही, आणि त्याच्यापुढे केस विंचरून बसावं लागत नाही.

नवा स्वस्त पडतो, ते मला पटलं. आणि नव्यावर तू दिसतेस. ही गोष्ट तू फायद्यांमध्ये सगळ्यांत शेवटी सांगितलीस. माझ्या लेखी ती पहिली आहे, आणि का ते आता सांगूनच टाकते.

पहिल्या दिवशी काय गोंधळ झाला होता, आठवतंय ना? तू तिकडून ओरडत होतीस, "आई, तुझा माइक बंद आहे! खालचं बटण दाब!" मी आपली बोलतेय, बोलतेय, आणि तुझ्यापर्यंत काही पोचेना. शेवटी वायरमनला बोलावलं. त्याने सगळं तपासलं आणि म्हणाला, "मावशी, माइक ठणठणीत आहे. तुम्हीच आवाज काढत नाही आहात."

अगं, लाजच वाटली मला. पण जन्म गेला मागांच्या कारखान्यात. इतके माग एकदम धडधडायला लागल्यावर कोण कोणाचं ऐकणार? आम्ही सगळ्या ओठांनीच बोलायचो. सूत तुटलं, चहा आला, मुकादम येतोय, कोणाच्या सुनेला दिवस गेले, सगळं बिनआवाजी. तू शाळेतून आलीस की खिडकीच्या काचेपलीकडे उभी राहायचीस, आणि मी आतून म्हणायचे, "किल्ली शिंपिणीकडे आहे, जेवून घे." तूही तिकडून ओठांनीच उत्तर द्यायचीस, ते काहीच्या काही तोंड वासून, मासळीसारखं. माझ्या दोन्ही बाजूंच्या बायका हसायच्या. ती सवय अजून गेली नाही. काचेपलीकडे आपलं माणूस दिसलं की माझा आवाज आपोआप बंद होतो.

आणि मागांनी सवय दिली तसे कानही नेले. हो, ठके, कान. डाव्याने काही ऐकू येत नाही आणि उजव्याने येतं ते विहिरीतून आल्यासारखं. जुन्या फोनवर गेली दोनएक वर्षं मी अंदाजानेच बोलते आहे. "हं, हं, बरं, हो का," यावर किती निभतं म्हणून सांगू! पण एकदा तू रडत होतीस आणि मी "वा, छान झालं" म्हणाले. तू फोन ठेवलास तेव्हा माझ्या ध्यानात आलं. तुला मी निर्दयी वाटले असेन. मी तुला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू सगळं टाकून धावत आली असतीस.

म्हणजे लपवालपवी कशी करतात ते मला चांगलं ठाऊक आहे. आता धपाट्याकडे येते.

नव्या फोनचा एक मोठा तोटा तुला कोणी सांगितलेला दिसत नाही. आवाज बंद करायचं बटण तोंड झाकत नाही.

काल रविवारी "आई, एक मिनिट हं" म्हणून तू ते बटण दाबलंस आणि जावईबापूंकडे वळलीस. पुरती वळली नाहीस, अर्धीच. मी मुद्दाम बघितलं नाही, पण समोर ओठ हलले की माझे डोळे वाचतातच, त्याला मी काय करू? काही अक्षरं ओठांवर येत नाहीत, घशातच होतात, ती मला दिसली नाहीत. पण तुझा हात गळ्यावर होता. "ऑपरेशन" दिसलं. "महिनाभर बोलता येणार नाही" दिसलं. मग "आईला सांगू, नेट बंद पडलंय." आणि शेवटी तू त्यांना विचारलंस, "आवाज परत आलाच नाही तर?"

मग तू बटण सोडलंस, हसलीस आणि मला विचारलंस, "काय गं, गुडघा कसा आहे?"

मी म्हणाले, बरा आहे.

खरं सांगू? आधी राग आला. इतका की दुपारी कपबशी आपटून फोडली. मग भीती वाटली, आणि ती अजून आहे. शिंपिणीला काही बोलले नाही. ती विचारत होती, तुमचं जेवणात लक्ष का नाही. गुडघ्यावर ढकललं.

आता माझा निर्णय ऐक. जुना फोन काढून टाक. वीज गेल्यावर चालतो, हे त्याचं मोठेपण मला मान्य आहे, पण त्याला आवाज लागतो. तो मला नीट ऐकू येत नाही आणि तुझा काही दिवस असणार नाही. दोघींच्याही उपयोगाचा नाही असा फोन ठेवून करायचंय काय? आणि नेट बंद पडलंय ही थाप आता चालायची नाही. वायरमनला रोज उभा करीन.

ऑपरेशन झालं की, शुद्धीवर आलीस की, जावईबापूंना फोन धरायला सांग. दिवा तुझ्या पाठीमागे नको, समोर हवा; मागे असला की चेहरा काळा दिसतो. गळ्याला पट्टी असेल ती असू दे, मी घाबरणार नाही. घाबरले तरी दाखवणार नाही. तू घशाला अजिबात ताण देऊ नकोस, कुजबुजूही नकोस. नुसते ओठ हलव, मासळीसारखं तोंड वासून, खिडकीत उभी राहायचीस तसं. दुखतंय म्हण, भूक लागली म्हण, मला शिव्या दे. सगळं कळेल मला. मी इकडून तसंच बोलेन. तूही वाचायला शीक, वेळ भरपूर असणार आहे.

मी यायला हवी असेन तर तेही ओठांनी सांग, पिशवी भरायला मला वेळ लागत नाही.

आणि आवाज परत येईलच. पण नाहीच आला, तर जगाशी कसं बोलायचं ते आपण बघू. माझ्याशी बोलायला तुला त्याची गरज कधीच नव्हती, बाळा.

रविवारी फोन लाव. ते बटण दाबून ठेव आणि सगळं सांग.

तुझ्या ओठांकडे डोळे लावून बसलेली,
आई