स्टार्टचं बटण

७८६
नांदेड, ८ नोव्हेंबर १९९९

चि. मुनीब यास अम्मीचे अ. उ. आ. आणि ओंजळभर दुआ.

मायना वाचून हसशील. पण देवणीच्या शाळेत तारामतीबाईंनी असाच शिकवला आणि मला दुसरा येत नाही. तुझं पत्र पोचलं. पत्र कसलं, तारच ती. मी मजेत, टेस्ट चालू, काळजी नसावी. माझ्या माहेरचे बैल नावाजलेले आहेत, पण तेसुद्धा याहून जास्त बोलतात. मेसची पोळी कच्ची असते का, पांघरूण पुरतं का, खोलीतला तो बालाजी अजून झोपेत सूत्रं म्हणतो का, हे मी अंदाजानंच धरायचं का?

इकडे सगळं ठीक. रमजान जवळ आला तशी शिलाई वाढली आहे. जेबा तिसरीत गेल्यापासून मलाच शुद्धलेखन शिकवते. यासेर चाचांनी दुकानात दोन कम्प्युटर मांडलेत. तुझ्या अब्बांच्या हाताखाली रेडिओ उघडायला शिकलेला त्यांचा धाकटा भाऊ आता तासाच्या हिशेबानं पोरांना मोटारी पळवायला देतो. आपल्या इतवारा मोहल्ल्यातली निम्मी पोरं तिथेच असतात.

आता कामाचं. घराला चुना द्यायचा म्हणून वरची फळी रिकामी केली. तुझा नि अब्बांचा व्हिडिओ गेम निघाला, अब्बांच्या जुन्या लुंगीत गुंडाळलेला. किनवटच्या वसतिगृहातले नरसिंग सर चाचांच्या दुकानी आले होते. त्यांच्याकडे टीव्ही आहे, पण रविवारी मुलांना करायला काही नाही. चाचा म्हणतात, भाभी, हा आता कोण खेळतो, देऊन टाका, सवाब तरी मिळेल. मला त्यातलं काही कळत नाही. तूच सांग, हा जुना खेळ अजून खेळण्यालायक आहे का? तुझं मन असेल तर ठेवते, नसेल तर ईदच्या आधी देते.

चारच्या जागी दहा ओळींची वाट बघणारी,
तुझी अम्मी


लातूर, १५ नोव्हेंबर १९९९

ती. अम्मीस सलाम, वि. वि.

देऊन टाक. आता तो कोणी खेळत नाही. चित्रं जाडीभरडी, माणसाला तोंड नाही, एकच ट्यून पुन्हा पुन्हा. चाचांच्या कम्प्युटरपुढे तो म्हणजे पाटी-पेन्सिल. मलाही वेळ नाही. पहाटेचा क्लास, मग कॉलेज, मग पुन्हा क्लास. ईदला येता येणार नाही, सराव परीक्षा आहे. या गावात ईद-दिवाळीपेक्षा सराव परीक्षा मोठी.

पोळी कच्ची असते. पांघरूण पुरतं. बालाजी आता झोपेत इंग्रजी बोलतो. ओळी मोजून घे.

तुझ्या दुआंवर तगून असलेला,
मुनीब


७८६
नांदेड, २४ नोव्हेंबर १९९९

चि. मुनीब यास अ. उ. आ.

ओळी मोजल्या. दहा भरल्या नाहीत, पण वाढीला लागल्यात.

देऊन टाक म्हणालास, बरं. पण बंद पडलेली वस्तू धर्माला देऊ नये असं माझं मत. म्हणून चाचांकडून वायर जोडून घेतली. चित्र आलं, ट्यून वाजली, एक हिरवा आणि एक लाल शिपाई बंदूक घेऊन उभे राहिले. जेबा नाचायलाच लागली. मग आम्ही बटणं दाबून दाबून थकलो, पण ते दोघं काही हलेनात.

चाचांनी सेट उघडून बघितला. म्हणाले, ठणठणीत आहे, पण रिमोट एकच आहे आणि तोही दुसरा. दुसऱ्या रिमोटला स्टार्टचं बटण नसतं म्हणे. खेळ सुरू करायचा तो पहिल्यानं, मध्येच थांबवायचा तोही पहिल्यानं. दुसऱ्यानं नुसतं हातात धरून वाट बघायची. बनवणाऱ्याचं डोकं कसं चाललं कोण जाणे.

मी फळी झाडली, लुंगी झटकली, शिलाईच्या चिंध्या उपसल्या. पहिला रिमोट घरात नाही. चाचा दुकानातला नवा लावून देतो म्हणाले, मी त्यांना थांबवलं. पहिला कुठे आहे ते तुला ठाऊक असावं. रागवायचं म्हणून विचारत नाही.

जेबानं विचारलं, हा दुसरा कोणाचा होता? अब्बांचा, असं मी सांगितलं. तेव्हापासून तो तिच्या दप्तरात आहे. शाळेत घेऊन जाते आणि उशाशी घेऊन झोपते. आता तिच्याकडून काढून किनवटला कसा द्यायचा, तूच सांग.

खरं उत्तर आलं तर खुश होणारी,
तुझी अम्मी


लातूर, ३ डिसेंबर १९९९

ती. अम्मीस सलाम, वि. वि.

पहिला रिमोट माझ्या ट्रंकेत आहे. जूनमध्ये निघताना वायर गुंडाळून कपड्यांखाली ठेवला. बालाजी चेष्टा करतो. म्हणतो, टीव्ही नांदेडला आणि रिमोट लातूरला, हात लई लांब हाय तुझा.

अब्बा औशाकडच्या त्या गावाला निघाले, गणपतीच्या मिरवणुकीचे भोंगे लावायला, त्या सकाळी आम्ही खेळत होतो. तू ओट्यावर शेजारणीशी बोलत होतीस. अब्बांचा लाल शिपाई नेहमीसारखा मागे, उडी चुकून खड्ड्यात पडणारा. या खेळात दोघं बरोबर चालले नाहीत तर चित्र पुढे सरकतच नाही, आणि मी रोज त्यांच्यावर ओरडायचो. तरी त्या दिवशी पहिल्यांदाच आम्ही बर्फाच्या टप्प्यापर्यंत पोचलो होतो. तेवढ्यात बाहेर टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला. अब्बा उठले, चप्पल घालता घालता म्हणाले, “स्टार्ट दबा के रख बेटा, आया तो आगे खेलेंगे.”

मी दाबलं. दोघं शिपाई बर्फात उभे राहिले. मी टीव्ही बंद केला आणि सेट तसाच चालू ठेवला.

दुसऱ्या दिवशी भूकंपाची बातमी आली. घर माणसांनी भरलं. सगळे रडत होते आणि मी कोपऱ्यात बसून सेटवर हात ठेवून बघत होतो, गरम आहे का. गरम असला म्हणजे अब्बा अजून तिथे उभे आहेत, असं मला वाटत होतं. दुपारी लाइट गेली. परत आली तेव्हा मी टीव्ही लावून पाहिला, तर अगदी सुरुवातीचं चित्र होतं. त्यानंतर मी ते बटण दाबलं नाही.

तू विचारलंस की खेळण्यालायक आहे का. मी गेल्या रविवारी इथे एका ठिकाणी कम्प्युटरवरचा नवा गेम खेळून पाहिला. माणसांना नाक-डोळे आहेत, झाडांना सावली आहे. आणि खेळ जिथे सोडला तिथून पुढे चालू होतो, लाइट गेली तरी. आपला तसा असता तर, हेच डोक्यात फिरत राहिलं आणि मी हरलो. खूप चांगला गेम आहे. पण त्यात माझ्या ओळखीचं कोणी नव्हतं.

सेट जाऊ दे. चाचा नवा रिमोट लावतील. माझा मात्र मागू नकोस.

तुझ्या मायेला न विचारता हक्क सांगणारा,
मुनीब


नांदेड, १२ डिसेंबर १९९९

प्रिय भाईजानला जेबाचा सलाम, वि. वि.

मी रोजा धरला होता पण दुपारी अम्मीनं सोडायला लावला. तुझं पत्र अम्मीनं मला वाचून दाखवलं. मध्ये मध्ये ती थांबत होती म्हणून नंतर मी स्वतः वाचलं.

मला अब्बा आठवत नाहीत. फोटोत ते चाचांसारखे दिसतात पण मिशी वेगळी आहे. अम्मी म्हणते, तुम्ही खेळायचे तेव्हा मी अब्बांच्या मांडीवर झोपलेली असायचे. म्हणजे मीपण तिथेच होते. मग मला कसं आठवत नाही? तुला किती आठवतं. खेळताना ते हसायचे का? तू ओरडलास की काय म्हणायचे? मला कोणीच सांगितलं नव्हतं की ते खेळायचे.

दुसरा रिमोट माझ्याकडे आहे. त्याच्या कोपऱ्याला चट्टा आहे, तो अब्बांच्या सोल्डरनं पडला असं चाचा म्हणाले. मला लाल शिपाई एकदा चालवता येईल का? मी त्याला खड्ड्यात पडू देणार नाही.

तुझी लाडकी (अम्मी म्हणते हे लिहायचं असतं),
जेबा


लातूर, २० डिसेंबर १९९९

ती. अम्मीस सलाम, वि. वि. जेबाला दोन्ही गालांचे दोन पापे.

जेबाचं पत्र मी बालाजीला दाखवलं. त्याचं गाव त्याच पहाटे भूकंपात बसलं, आई त्यातच गेली, हे मला तो खोलीत आला तेव्हापासून माहीत होतं. पण त्यानं त्यावर कधी शब्द काढला नाही आणि मीही विचारलं नाही. आता ते लोक नव्या वसाहतीत राहतात, सगळी घरं सारखी, तो म्हणतो की सुट्टीत गेलो तर अजून दार चुकतं. त्यानं पत्र दोनदा वाचलं. मग म्हणाला, “तुझ्याकडं दाबायला एक बटण तरी हाय. तुझ्या बहिणीकडं काय हाय रे?” आणि पुन्हा पुस्तकात डोकं घालून बसला. मला त्या दिवशी एक गणित सुटलं नाही.

अम्मी, मला वाटायचं की अब्बा गेले ते माझे. जेबा लहान होती, तिचं काही गेलं नाही. तिच्याकडे तर हरवायलासुद्धा काही नव्हतं, हे मला कळलंच नाही.

रिमोट पाठवतो आहे. बालाजीचे मामा चंद्रप्पा लातूर-नांदेड गाडीवर ड्रायव्हर आहेत. शुक्रवारी संध्याकाळी चाचांनी स्टँडवर जाऊन घ्यावा. पहिला जेबाला दे. स्टार्टचं बटण जरा आत गेलेलं आहे, नखानं दाबावं लागेल. थांबायचं असेल तर तेच बटण. लाल शिपाई तू घे. तिला सांग, परीक्षा झाल्यावर मी येईन आणि मग लाल ती घेईल. तोवर दुसरा रिमोट धरायला घरात मोठं माणूस पाहिजे.

एक विचारायचं होतं. अब्बा एवढे चांगले मेकॅनिक, भोंग्याच्या खांबावर माकडासारखे चढायचे. त्यांना खेळात उडी मारता येत नव्हती, हे मला आता खरं वाटत नाही.

घराच्या आठवणीनं जेवण लांबलेला,
मुनीब


७८६
नांदेड, ११ जानेवारी २०००

चि. मुनीब यास अ. उ. आ. आणि ईदची राहिलेली गळाभेट.

रिमोट पोचला. चंद्रप्पा मामांनी तो सीटखाली नाही, मांडीजवळ ठेवून आणला म्हणाले. असल्या माणसाला चहा पाजल्याशिवाय सोडू नका, असं मी चाचांना बजावलं होतं.

नरसिंग सरांचं आधी सांगते. चाचांच्या दुकानात तसलाच एक सेट पडून होता, तो दुरुस्त करून दिला. सरांचा निरोप आला की मुलांची भांडणं लागतात, पाळी लावून द्यावी लागली. जुना झाला तो आपल्याला. त्यांना तो नवाच आहे.

तुझ्या अब्बांना उडी येत होती. तू झोपल्यावर ते एकटे बसून खेळायचे आणि शेवटपर्यंत जायचे. मी विचारलं होतं, मग पोरापुढे असे मागे का राहता? म्हणाले, लवकर जिंकला तर लवकर उठून जाईल. दिवसभर दुकान, मग कुठे लग्नाचे नाहीतर उरुसाचे भोंगे, मुलाजवळ बसायला त्यांना तेवढाच वेळ मिळायचा. तो त्यांनी ताणून ताणून घेतला. आता माझ्या लक्षात येतं, जेवढा घेतला तेवढाच त्यांना मिळाला.

आणि त्या दुपारी लाइट गेली तेव्हा तू मीटरच्या पेटीवर बुक्क्या मारत होतास. मला वाटलं, पोर भेदरलं आहे. तुला धरून मी आत नेलं. काय विझलं होतं ते मला तुझ्या पत्रानं सांगितलं. सहा वर्षं तू ते एकट्यानं धरून ठेवलंस, बाळा. मला फार वाईट वाटलं.

ईदच्या दिवशी नमाज झाली, पाहुणे येऊन गेले, आणि आम्ही दोघी बसलो. जेबानं नखानं स्टार्ट दाबलं. मला काही जमत नव्हतं. लाल शिपाई भिंतीला तोंड लावून उभा, आणि जेबा पडद्याच्या कडेला अडकलेली. ती ओरडली, “अम्मी, चलो ना!” अगदी तुझ्या आवाजात. मला हसू आलं आणि मग बराच वेळ नुसतं डोळ्यांना पाणी. ती म्हणाली, रडू नकोस, मी थांबते तुझ्यासाठी. आम्ही पहिल्याच जंगलात होतो, बर्फ अजून लांब आहे.

तेवढ्यात शीरखुर्म्याचं दूध वर यायला लागल्याचा वास आला. मी उठले, तर जेबानं माझी ओढणी धरली आणि विचारलं, तू परत येणार ना? मी म्हणाले, दूध उतरवून आलेच. तिनं स्टार्ट दाबलं आणि दोघं शिपाई होते तिथे थांबले.

मी दूध उतरवलं. उगाचच थोडा वेळ चुलीपाशी उभी राहिले. मग हात पुसले आणि परत आले. जेबा बटणावर नख ठेवून दाराकडे बघत बसली होती. लाल शिपाई जिथे सोडला तिथेच होता. मी दुसरा रिमोट हातात घेतला, तिनं स्टार्ट दाबलं आणि आम्ही पुढे चालायला लागलो.

परीक्षा मन लावून दे आणि मग घरी ये. हिरवा तुझ्यासाठी मोकळा ठेवते.

तुमच्या दोघांच्या मागे मागे चालणारी,
तुझी अम्मी