काळ्या रानावर पिवळा रंग

३ जून
शहर वाढीच्या आराखड्याचा कच्चा नकाशा पाहून आले. हिरवा म्हणजे शेती, पिवळा म्हणजे घरं. एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, पण आज नकाशा दोनदा तपासून पाहिला. लासूर स्टेशनजवळचं माहेरचं काळं रान सगळं पिवळं. विहिरीसकट! आणि मुरमाची टेकडी, जिथं काही उगवत नाही, ती हिरवी. हरकत घ्यायला एक महिना.

६ जून
माहेरी गेले. नकाशाची प्रत उलगडून दाखवली.
अण्णा म्हणाला, "होऊ दे की पिवळं. पोरं पुण्याला. माझे गुडघे गेले. कोण करणार हाय शेती?"
थोरला भाऊ. खोटं तर बोलत नव्हता.
वहिनी मेथीच्या जुड्या बांधत होती. एसटीपर्यंत सोडायला आली तेव्हा विचारलं, "ताई, दीड एकर माझ्या नावावर हाय ना? मग माझी सही चालंल का?"
"चालेल. पण अण्णा?"
"त्यांचं मी बघते."

११ जून
हरकत लिहिली. चारदा खोडली. मागणी सरळ ठेवली : ओलिताची काळी जमीन आधी राखा, घरं मुरमावर बांधा.
वहिनीला फोनवर वाचून दाखवलं. म्हणाली, "आन् भाजी इकायला शहरात बसायची जागा? रान हिरवं ठिवून काय गवत वाढवायचं का?"
माझ्या लक्षातच आलं नव्हतं. घातलं.

१९ जून
अण्णा माझ्याशी बोलत नाही. वहिनीनं अकरा बायकांच्या सह्या आणल्या. एकीच्या नवऱ्यानं कागद फाडला. ती दुसऱ्या कागदावर सही करून गेली.
कंबर दुखतेय. तरी आज स्वतः जाऊन कागद दिले, पोच घेतली.

८ जुलै
सुनावणी. अधिकारी तरुण, सभ्य. "मॅडम, शहर तर वाढणारच."
म्हटलं, "वाढू द्या. कुठं वाढवायचं तेवढंच आम्ही सांगतोय."
मग वहिनी उठली. नकाशावर बोट ठेवलं. "साहेब, या कागदावर आमची इहीर नाय. उन्हाळ्यात बी तिला पाणी ऱ्हातं. तुमी एकदा येऊन बगा, मग रंग द्या."
साहेबांनी पेन्सिलनं नकाशावर गोल केला. जागेवर पाहणी करू, अहवाल वर पाठवू, म्हणाले. निर्णय सरकारचा.
बाहेर आलो तर जिन्यात अण्णा! कधी आला होता कोण जाणे. वहिनीच्या हातातली पिशवी घेतली आणि पुढं चालू लागला.

१६ जुलै
उद्या पाहणी.
अण्णाचा फोन, महिन्यानं. "बांधावरचं गवत काढलंय. साहेबाला नीट चालता आलं पायजे."
"म्हणजे तूही आमच्या बाजूनं?"
"तसं नाय म्हणलो मी." मग म्हणाला, "तू पहिल्या गाडीनं ये. अन् तो नकाशा आण. मला एकदा नीट बघू दे."