भाकरी करपल्याचा वास

प्रिय शाकिर,

पुडकं उघडलंस की आधी हे वाच, मग आतली नळी बघ. शाळा मी अर्ध्यावर सोडली, अक्षर वाकडं आहे, पण सावकाश वाच. फोनवर सांगितलं की तू नुसतं "हो बाबा, हो बाबा" करतोस आणि ठेवून देतोस. मग मला झोप लागत नाही.

इकडे बेटावर थंडी फार. माझा ऑक्टोपसचा हंगाम बरा चाललाय. पण ऑक्टोपस शिरतात ती मडकी तळातून वर ओढून झाली की हातांत जीव राहत नाही. म्हणून मी नांगर टाकायचो, उबेसाठी इंजिन चालूच ठेवायचो आणि केबिनचं दार लावून चहा घेत बसायचो. भरदुपारी, लख्ख उन्हात, एकदा माझ्या मागून तुझी आई बोलली, जिला आपण दोघांनी मातीत ठेवलं ती, "अहो उठा, भाकरी करपतेय!" तसाच खेकसलेला आवाज. मी धडपडत बाहेर आलो. बाहेर काय असणार? पाणी आणि पाणकावळे. पण करपल्याचा वास मात्र खरंच येत होता.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. मी घाबरून हाजी बूबकरला सांगितलं. तो म्हणाला, "नजर लागलीय तुझ्या होडीला. सगळ्यांची मडकी रिकामी आणि तुझी भरलेली, मग काय होणार? लोबान जाळ. आणि धूर बाहेर जाऊ देऊ नकोस, दाराच्या फटीत चिंध्या कोंब." मी तसंच केलं. आपले सगळेच करतात. त्यानंतर करपल्याचा वास नाहीसा झाला, सगळीकडे लोबानच. केबिनचं छत काळं पडत चाललं, तेही मी लोबानावर ढकललं.

आई मात्र जायच्या ऐवजी जवळ आली. आता ती बाकावर माझ्या शेजारी बसायची. फळी दबलेली मला कळायची, पोरा. डोकं ठणकायचं, पण बरं वाटायचं. आणि तिचं बोलणं बदललं. खेकसणं गेलं. हळू, अगदी कानाशी म्हणायची, "दमलात. झोपा आता. मी आहे ना." एक दिवस मी खरंच आडवा झालो. ती माझे डोळे मिटत होती. तिची बोटं गार नव्हती, कोमट होती.

नांगर सरकला म्हणून वाचलो. होडी उथळ पाण्यातल्या वाळूवर आपटली, दार उघडलं आणि मी अर्धा बाहेर फेकला गेलो. तिथेच ओकलो. ओठ लालभडक झाले होते म्हणे. ज्यांनी ओढून आणलं त्यांना वाटलं, म्हातारा पिऊन पडला होता.

मुन्सिफ मिस्त्रीला बोलावलं. तो इंजिनाच्या खळग्यात उतरला आणि खालूनच ओरडला, "काका, भूत सापडलं! रबराचं आहे!" थंड करायचं पाणी जिथून आत येतं, ते तोंड समुद्री गवतानं तुंबलं होतं. पाणी नाही, मग इंजिनाचा धूर ज्या रबरी नळीतून बाहेर जातो, तिलाच तो भाजत राहिला. वरून नळी ठीक दिसत होती. त्यानं दाबली तर पापडासारखी कुरकुरली, आणि खालच्या बाजूला बोट जाईल एवढी भेग, तिथून धूर सरळ केबिनमध्ये. "लोबानाचं काय ते जाऊ दे," तो म्हणाला, "तुम्ही स्वतःलाच धुरी दिलीत."

आता नीट ऐक. आधी गवत काढ. जुनी नळी ओढू नकोस, निघणार नाही, सुरीनं उभी चीर. नवीचं टोक गरम पाण्यात धर, साबण लाव, मग सरकव. दोन्ही टोकांना दोन-दोन क्लॅम्प आवळ, एकावर विसंबू नकोस. पाण्याची साधी नळी चालेल असं कोणी म्हणालं तर त्याला माझ्याकडे पाठव. इंजिन चालू केलंस की मागे जाऊन बघ, धुराबरोबर पाणी थुंकतंय का. थुंकत नसेल तर तिथेच बंद कर.

माझी नळी बदलून झाली तेव्हापासून ती आली नाही. मी दार उघडं ठेवून बसतो, चहा गार होतो. खोटं कशाला सांगू, वाट बघतो.

काल तुझ्या दलंदाचा फोन आला. सूनबाई रडत होती. म्हणाली, तू बंदरावर आलास तरी होडीतून उतरत नाहीस, इंजिन चालू ठेवून केबिनमध्ये बसतोस, दाराला चिंध्या लावतोस. विचारलं तर हसून म्हणतोस, "आई येते. 'झोप बाळा' म्हणते." पोरा, आपल्या दोघांच्या नळ्या एकाच वेटोळ्यातून कापलेल्या आहेत. अर्धी माझ्याकडे, अर्धी तुझ्याकडे. फेरीबोटीनं ही नवी पाठवतोय, ती बसवेपर्यंत इंजिन चालू करू नकोस, केबिनमध्ये बसू नकोस. आणि बाकी काही पटलं नाही तरी एवढं आठव: तुझ्या आईनं आपल्याला कधी झोपू दिलं होतं का? पहाटे पांघरूण ओढायची, पाणी शिंपडायची. पहिल्यांदा भाकरी करपतेय म्हणाली, ती तीच होती, माझी खात्री आहे. पण जी 'झोप' म्हणते, ती कोण आहे मला माहीत नाही. तिला उत्तर देऊ नकोस.

तुझाच, दार उघडं ठेवून बसलेला,
बाबा