सोळा डावे पट्टे

तीर्थरूप दादास,

धाकटीचा नमस्कार. वाकून केला आहे असं समज. प्रत्यक्षात खुर्चीत बसूनच केला, कारण वाकले तर मला परत सरळ करायला घरात कोणी नाही. तुझी दाढ काढली का, की अजून एकाच बाजूने चावतोस? वहिनीला पत्र मोठ्याने वाचून दाखव, म्हणजे तुझी मधले परिच्छेद गाळायची सवय चालणार नाही. शेवटचा भाग मात्र आधी एकट्याने वाच.

मी चामडेकामाचा वर्ग घेणार म्हटल्यावर तू फोनवर इतका हसलास की तुला ठसका लागला आणि वहिनीला पाणी घेऊन धावावं लागलं. कॉन्व्हेंटात रुमालावर फुलं काढायला शिकलेली बाई चामडं काय शिकवणार, आठ दिवस टिकलीस तरी मिळवलं, असं तू म्हणालास. दादा, दहा महिने झाले. परवा परीक्षाही झाली. निकाल इतक्यात सांगत नाही. आधी माझे हाल ऐक, मग निकाल. बक्षिसाआधी भाषण ऐकावंच लागतं.

आमचा वर्ग म्हणजे एका लांबट इमारतीतली मागची खोली. तीन खिडक्या, त्यांतल्या दोन उघडतात. दोन मोठी मेजं, त्यांवर चामडं कापायच्या रापीचे इतके वार की त्यावर ठेवलेला कागद कधी सपाट बसत नाही. आणि तो वास, मेणाचा, चिकटवायच्या द्रवाचा, नव्या चामड्याचा. पहिल्या दिवशी मी दारातच थबकले. बाबांच्या चपलांच्या दुकानाची मागची खोलीच समोर आली. मी उंच स्टुलावर पाय हलवत बसलेली, तू जीभ दातांत धरून कापतो आहेस, आणि बाबा तोंडात खिळे धरून त्या खिळ्यांमधूनच तुला सूचना देताहेत. माझे डोळे भरून आले. मुलांना वाटलं, बाईंना वास सोसत नाही. एकजण खिडकी उघडायला धावला. ती नेमकी तिसरी निघाली.

मुलं आठ. शाळेने हात टेकलेली, आणि घरच्यांनी कपाळाला हात लावलेली. आधीचे उस्ताद मध्येच नोकरी सोडून लेकाकडे राहायला गेले, म्हणून माझी वर्णी लागली. व्यवस्थापकांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, की आठही पास झाले तर वर्ग पुढे चालेल आणि एका कारखान्यात आठही जणांना काम मिळेल. एक जरी नापास झाला तरी वर्ग बंद, आणि खोलीत जुन्या खुर्च्या ठेवणार. (खुर्च्या तेव्हापासूनच बाहेर येऊन थांबल्या होत्या. रोज येता-जाता त्यांचे पाय पाहावे लागत.)

तुला आठवते ना आमची शिवणाची सिस्टर? टाक्यांवर लाकडी पट्टी ठेवून इंचात किती बसले ते मोजायची. कमी भरले की हाताने उसवायचं, रागावणं नाही, काही नाही. उसवणं हाही शिवणाचाच भाग आहे, असं ती म्हणे. मी तेच चालवलं. एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया, दोन्ही एकाच भोकातून समोरासमोर न्यायच्या आणि दोन्ही हातांनी सारखं ओढायचं. आमच्यातला सर्वांत उंच मुलगा, ज्याला सगळे जिराफ म्हणतात, त्याने पहिल्या आठवड्यात पाकीट इतक्या मन लावून शिवलं की उभा राहिला तेव्हा ते सदऱ्यासकट वर आलं. मी तपासलं. टाके उत्तम होते. सदरा उसवायचा माझा धीरच होईना. दुसरी एक मुलगी, पुटपुटी. ती मोठ्याने कधी बोलत नाही, पण तिचे ओठ सतत चालू असतात. मला वाटायचं, मला शिव्या देते. (काही दिवस देतही असावी.) पुढे कळलं, टाके मोजते.

अशी घडी बसत असताना परीक्षा आली. प्रत्येकाने चपलांचा एक जोड करायचा. तळ तयार मिळणार, वरचा रुंद पट्टा मात्र स्वतः आखून, कापून, शिवायचा. चामडं मोजून मिळालं, पुन्हा मिळणार नाही अशी सही घेऊन. मी सिस्टरचा दुसरा नियम सांगितला, की कागदी साच्याची लिहिलेली बाजू कायम वर ठेवायची. आठही जणांनी माझी आज्ञा अक्षरशः पाळली. कुठलीही मुलं एरवी असं करत नाहीत, पण संकट यायचं असलं की करतात. आखलं, कापलं. मी मेजाभोवती हात मागे बांधून फिरत होते, सिस्टर फिरायची तशी. मग जिराफाने उजव्या पायाचा पट्टा तळावर धरला आणि तो बसेना. त्याने पाय बदलला, तळ बदलला, शेवटी माझ्याकडे पाहिलं.

पुढचं तुला सांगायला नको. उजव्यासाठी साचा उलटवावा लागतो. कापडाला दोन्ही बाजू सारख्या असल्या तर निभावतं, पण चामड्याची एक बाजू गुळगुळीत, दुसरी खरखरीत. मेजावर सोळा पट्टे होते आणि सोळाही डावे.

परीक्षेला चार दिवस उरलेले. मी व्यवस्थापकांकडे गेले, तर त्यांनी सहीचा कागद दाखवला. परत येताना त्या खुर्च्यांपैकी एकीवर दोन मिनिटं बसले. खोटं कशाला बोलू, रडलेही. आठ मुलांनी आयुष्यात पहिल्यांदा कुणाचं तरी ऐकलं होतं आणि त्याची ही शिक्षा.

आत आले तर पुटपुटी पॉलिश पेपर घेऊन एका पट्ट्याची खरखरीत बाजू घासत होती. उलटा केला की तो उजवा होत होता ना! खरखरीत बाजू घासून घासून मखमलीसारखी मऊ झाली होती. पण मग एक चप्पल चकचकीत आणि दुसरी मखमली, हा कसला जोड? ती नेहमीसारखं पुटपुटली. जिराफ खाली वाकला, कान लावला आणि आम्हाला सांगितलं, की उरलेल्या कात्रणांची काठ-पट्टी करू. चकचकीतला मखमली काठ, मखमलीला चकचकीत काठ. आठ हात पॉलिश पेपरकडे गेले.

परीक्षक म्हणजे ज्यांच्या चेहऱ्यावर स्वतःचाच निकाल राखून ठेवलेला असतो अशा जातीचे. त्यांनी जोड उचलला, एक चप्पल पाहिली, दुसरी पाहिली. मग पुटपुटीला विचारलं, "ही चूक आहे की डिझाइन?"

मी डोळे मिटले. आणि दहा महिन्यांत पहिल्यांदाच तिचा आवाज अख्ख्या खोलीने ऐकला.

"चूक होती, सर. आता डिझाइन आहे."

परीक्षकांनी पट्टा दोन्ही हातांनी ओढला. पुन्हा ओढला. मग खिशातून (दादा, मला सिस्टरच दिसली) छोटी पट्टी काढून टाके मोजले. आठही जोडांचे. सगळीकडे इंचाला आठ. शेवटी स्वतःचा बूट काढून उजवी चप्पल घालून पाहिली आणि मोजा न काढताच दोन फेऱ्या मारल्या.

आठच्या आठ पास. खुर्च्या काल दुसरीकडे गेल्या.

आता हस बरं.

तुझी धाकटी

ता. क. १. वहिनीला अजून हाक मारू नकोस. बाबांच्या दुकानात तू बारा जोडांचे चोवीसही पट्टे डावे कापलेस, आणि बाबा म्हणाले की तुझा हात या कामाचा नाही. तू रापी ठेवलीस ती कायमची, आणि पस्तीस वर्षं ऑफिसात फायली चाळल्यास. दादा, त्या दिवशी तू डावे आखून खेळायला पळालास. उजवे मी आखले. तुला मदत व्हावी म्हणून. उजव्यासाठी साचा उलटवायचा असतो हे स्टुलावरून दिसत नव्हतं. संध्याकाळी येऊन तू रेघांवर रापी चालवलीस, आणि ओरडा पडला तेव्हा मी स्टुलावरून पाय हलवत गप्प बसले. तुझा हात चुकला नव्हता. तीच चूक मी आयुष्यात दोनदा केली आहे, दोन्ही वेळा दुसऱ्यांच्या चामड्यावर.

ता. क. २. पुढच्या वर्षी सोळा मुलं येणार आहेत. शिवण मी सांभाळीन. कापणं शिकवायला माणूस आहे, असं मी व्यवस्थापकांना सांगून बसले आहे, आणि नोंदवहीत तुझं नाव घातलं आहे. बाबांची रापी तुझ्या कपाटात, खालच्या खणात, जुन्या पायजम्यात गुंडाळलेली आहे. (वहिनीने सांगितलं. दर वर्षी तू तिला तेल लावतोस हेही तिनेच सांगितलं.) ती घेऊन ये.

ता. क. ३. सोबतच्या खोक्यात पुटपुटीने तुझ्या मापाचा केलेला जोड आहे. घालून बघ. उजवा उजवाच आहे, कारण साच्याला मी हात लावलेला नाही.